नवीन रिव्हॉल्व्हर घेताना काय तपासावं? ‘वापरात बसेल’ म्हणतात ते खरं असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यात राहता, परवाना हातात आलाय, .३२ बोअरचं नवीन रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. कोणतं घ्यावं? आणि सिलिंडर थोडा हलतो, चाप अडकत येतो, ते ‘वापरात बसेल’ असं दुकानदार म्हणतो, ते खरं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. ‘वापरात बसेल’ हे वाक्य वागळे इस्टेटमध्ये, ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, इन्स्पेक्शनच्या (माल तपासायच्या) टेबलावर मी तीस वर्षं ऐकलंय. प्रॉडक्शनवाल्यांचं लाडकं वाक्य. बुश घट्ट आहे? बसेल. गिअर आवाज करतो? बसेल. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: झिजेने धातू कमी होतो, भरून येत नाही. धातू जास्त राहिल्यामुळे जो दोष आहे तो कदाचित बसेल. धातू कमी पडल्यामुळे जो आहे तो दर फैरीला वाढणार. दुकानदाराच्या तोंडून दोन्हींना एकच शब्द निघतो, म्हणून फरक तुम्हाला करता आला पाहिजे.

शब्दांचा घोळ नको म्हणून सांगतो, पुष्कळ लोक चापालाच घोडा म्हणतात. मी घोडा म्हणतोय तो मागचा, अंगठ्याने ओढायचा. बोटाने ओढतो तो चाप.

वाशीच्या एका ओळखीच्या सराफाने नवीन रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा मी काउंटरवर सोबत होतो. कारखाना आणि दुकान दोन्हींची नावं लिहीत नाही. सिलिंडर उघडून सहाही घरं (काडतूस बसतं ती भोकं) रिकामी आहेत हे दोघांनी पाहिलं आणि मार्करने घरांना १ ते ६ नंबर घातले. मग डाव्या अंगठ्याचं पेर सिलिंडरला हलकं टेकवून, म्हणजे ब्रेक लावल्यासारखं, उजव्या अंगठ्याने घोडा अगदी सावकाश मागे घेतला. नियम साधा आहे. घोडा शेवटच्या टप्प्यावर अडकायच्या आधी, किंवा फार तर त्याच क्षणी, सिलिंडर आपल्या खाचेत बसून लॉक झाला पाहिजे. १, २, ३ नंबरला तसंच झालं. ४ नंबरला घोडा टप्प्यावर बसला आणि सिलिंडर केसभर मागेच राहिला. नखाने ढकलला तेव्हा ‘टक्’ करून बसला. ५ आणि ६ ठीक. पुन्हा फिरवलं, पुन्हा ४. तिसऱ्यांदाही ४.

दुकानदाराने रिव्हॉल्व्हर हातात घेऊन घोडा सहा वेळा फटाफट ओढून दाखवला. “बघा, बसतोय की!” बसणारच. झटक्याने ओढलं की सिलिंडरचं स्वतःचं वजन त्याला पुढे नेतं आणि दोष झाकला जातो. म्हणूनच तपासणी सावकाश आणि ब्रेक लावून करायची. पुढचं वाक्य तुम्ही ओळखलंच असेल: “दोन-चार डबे उडवा, बसेल.”

ते का बसणार नाही ते सांगतो. घोडा मागे जाताना एक छोटा पॉल वर येतो आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या सहा दातांपैकी एकाला ढकलतो. सहाही घरं मागे पडत असतील तर पॉल आखूड आहे. तो बदलता येतो, थोडा लांब घालून घासून जुळवता येतो. एकच घर मागे पडत असेल तर त्या घराचा दात जास्त कापला गेलाय. लांब पॉल घातला तर तो उरलेल्या पाच दातांना नको इतका रेटतो, म्हणजे ते पाचही एकेक करून जुळवावे लागतात, नाहीतर दातांचा भागच बदलावा लागतो. एका घराचा दोष किरकोळ दिसतो, पण दुरुस्तीला तोच अवघड. आणि पॉल काय, दात काय, दोन्ही झिजतात ते आखूडच होत जातात. उशिरा लॉक होणारं घर वापराने लवकर लॉक होऊ लागलं, असं या यंत्रात होऊच शकत नाही.

सराफसाहेबांनी ते घेतलं. नंबर परवान्यावर चढला. शंभरेक फैरींनंतर ५ नंबरही मागे राहू लागला, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी एकाच बाजूला शिशाची चकचकीत पट्टी दिसू लागली. घर आणि नळी एका रेषेत नसली की गोळी तोंडाच्या कडेवर तासली जाते आणि ते कण बाजूने उडतात. रेंजवर शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला ते लागले, तेव्हा कुठे विषय गांभीर्याने घेतला गेला.

दुसरी तपासणी सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीची. एक फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) खिशात न्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाती स्वच्छ पुसा आणि जबरदस्ती करू नका, ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) ओरखडा पडतो. सिलिंडर अंगठ्याने मागे दाबून धरा आणि सहाही घरांशी मोजा. ०.१० मिमीची पाती सहज जावी, ०.२० ची जाऊ नये. ०.३० ची गेली तर ते रिव्हॉल्व्हर काउंटरवर परत ठेवा. फट मोठी म्हणजे गॅस आणि ठिणगी बाजूने बाहेर, आणि .३२ च्या मुळातच बेताच्या काडतुसाचा जोर आणखी कमी. उलट ०.०५ चीही जात नसेल तर तीन-चार वेळा सिलिंडर भरून उडवल्यावर काजळीने सिलिंडर जड फिरू लागेल. पण हा धातू जास्त राहिल्याचा दोष आहे, परवानाधारक कारागीर तो घासून काढू शकतो. सहा घरांच्या मापात ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर सिलिंडरचं पुढचं तोंड काटकोनात नाही.

मग सिलिंडर पुढे ढकलून तेच माप पुन्हा घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे प्ले, म्हणजे सैलपणा. नवीन रिव्हॉल्व्हरला ०.०५ मिमीपर्यंत चालेल, ०.१० म्हणजे नको. प्रत्येक फैरीला सिलिंडर तेवढ्या अंतरात आपटतो आणि अंतर वाढवतच जातो. डावी-उजवी हालचाल मात्र चाप पूर्ण मागे ओढून धरलेला असतानाच पाहायची. चाप सोडलेला असताना सिलिंडर थोडा हलतो आणि बऱ्याच घाटांत ते स्वाभाविक आहे. तुमच्या प्रश्नातला ‘थोडा हलतो’ कोणत्या स्थितीतला, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

बाकीचं भराभर सांगतो. घोडा चढवून, चापाला हात न लावता, मागून अंगठ्याने चांगला जोर देऊन पुढे दाबा. सुटला तर ते रिव्हॉल्व्हर घेऊच नका, इथे तडजोड नाही. चाप सोडल्यावर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) आत गेलेली दिसली पाहिजे. नळीच्या मागे पांढरा कागद धरून बॅटरीने आत पाहा: आडवी वर्तुळं म्हणजे टूल थरथरल्याच्या खुणा, आणि पुढच्या तोंडाच्या कडेला खरचटलं असेल तर गोळी एका बाजूला ओढणार. पण आधी कारखान्याचं ग्रीस पुसायला सांगा. त्याच्याखाली बर (कापताना राहिलेली धातूची खरबरीत कड), गंज, सगळं झाकलेलं असतं. स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या दिसल्या तर तुमच्या आधी कुणीतरी ते खोललंय. सहा डमी काडतुसं न्या. ती आपल्या वजनाने घरात पडली पाहिजेत आणि एक्स्ट्रॅक्टरने (काडतुसं बाहेर काढणाऱ्या भागाने) सहाही एकदम उचलली पाहिजेत. जिवंत काडतूस काउंटरवर नको, दुकानदाराने दिलं तरी नको. आणि .२२ असेल तर डमीशिवाय चाप ओढून पाहू नका, पिन घराच्या कडेवर आपटते आणि कड दबते.

आता चापाचं. डबल अॅक्शनला, म्हणजे नुसता चाप ओढून घोडा चढतो आणि सुटतो त्या प्रकाराला, चाप जड असतोच. तो खरखरत असेल पण सहाही घरांना सारखाच, तर ते बसतं. खरखर म्हणजे वर राहिलेला धातू, तेल घालून डमीवर तीन-चारशे वेळा ओढलं की गुळगुळीत होतो. इथे दुकानदार बरोबर आहे. मात्र पाच घरांना सारखा आणि एकालाच अडकत असेल तर बर आहे की दात चुकलाय, हे तिथेच खोलून दाखवायला सांगा.

“सरकारी प्रूफचा शिक्का आहे, अजून काय पाहिजे?” असंही तुम्हाला ऐकवतील. प्रूफ म्हणजे जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी आणि सिलिंडर फुटत नाहीत एवढी खात्री. ४ नंबरचा दात आखूड आहे का, हे त्यात कुणी पाहत नाही. शिक्का हवाच, पण तो फायनल इन्स्पेक्शनचा शिक्का नव्हे. यावरून एका माजी सहकाऱ्याशी माझं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे, आणि तरी माझं मत तेच आहे.

हे सगळं पैसे देण्याआधी का, तर हा मिक्सर नव्हे. नंबर परवान्यावर एकदा चढला की बदलून घेणं म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा आयुक्तालयाच्या फेऱ्या, तुमचं ठाणे असो की नवी मुंबई. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यातली एक जागा सदोष वस्तूने अडते. बिलावरचा, फ्रेमवरचा आणि परवान्यावर लिहिलेला नंबर अक्षरन्अक्षर जुळवून मगच दुकानातून निघा.

कोणतं घ्यावं? कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं जुन्या वेब्ली (ब्रिटिश कंपनी) घाटाचं .३२ बिजागरीवर मोडून उघडतं. ‘निर्भीक’ (२०१४) त्याच घाटातलं हलकं, साधारण ५०० ग्रॅमचं. ‘प्रबल’ (२०२३) बाजूला सिलिंडर उघडणारं. मोडून उघडणाऱ्यात बिजागरी आणि वरची कडी पाहा. मूठ घट्ट धरून नळी डावी-उजवी हलवा. बोटाला खडखड जाणवली तर नको, हा धातू कमी असल्याचा दोष आहे. असं रिव्हॉल्व्हर हळू उघडलं तर एखाद्या काडतुसाची रिम (बुडाची कड) एक्स्ट्रॅक्टरखाली अडकू शकते, म्हणून नळी वर करून झटक्यात उघडायची सवय लावा. बाजूला उघडणाऱ्यात सिलिंडर ज्या दांडीवर फिरतो ती वाकलेली नाही ना, तेही पाहा. याहून पुढे नाव सुचवणार नाही. एकाच कारखान्याच्या दोन नगांत जेवढा फरक असतो, तेवढा कधी कधी दोन कारखान्यांत नसतो. दुकानात तीन नग असतील तर तिन्ही मागा.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. मी गनस्मिथ नाही, मापं मोजणारा माणूस आहे. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच, घरी कानस घेऊन बसू नका. आणि आपल्याकडच्या खाडीच्या हवेत चामड्याच्या पाकिटात शस्त्र ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि एका पावसाळ्यात ब्लूइंगखाली खड्डे पडतात. तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळून ठेवा, जूनपासून दर पंधरा दिवसांनी पुसा.

दुकानदाराने फीलर गेज लावू दिला नाही तर परवान्यावरची खरेदीची मुदत पाहा, आणि दिवस शिल्लक असतील तर दुसरं दुकान गाठा.