जुनी कोच पर्स घेताना

ताई, तुम्ही घ्यायची म्हणताय त्या जुन्या कोच कंपनीच्या चामडी पर्सचे फोटो बघितले. लगेच पैसे पाठवू नका. आधी आतल्या बाजूचा, उजेडात काढलेला फोटो मागवा. जुन्या कोच पर्सना बहुतेक वेळा अस्तर नसतं. आत चामड्याची लवदार उलटी बाजू दिसते आणि कंपनीच्या मजकुराचा शिक्का थेट चामड्यावर दाबलेला असतो. शिक्क्यात अनुक्रमांकाचा नंबर नाही म्हणून नकली समजू नका, सुरुवातीच्या पर्सवर तो नसायचाच.

मग कडी. फिरवून बंद करायची ही पितळी कडी डिझायनर बॉनी कॅशिन यांची देणगी. त्या १९६२ साली न्यूयॉर्कच्या या कंपनीत आल्या, आणि कल्पना सुचली ती स्वतःच्या मोटारीच्या उघडता येणाऱ्या टपाच्या खटक्यावरून! पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. कडीभोवतीचं चामडंही न्याहाळा: दुसऱ्याच आकाराचा ठसा किंवा जादा भोक दिसलं, तर कडी बदललेली आहे. पर्सला लटकणाऱ्या कंपनीच्या बिल्ल्यावर जाऊ नका, तो कुणीही अडकवतो.

चकाकीला तर अजिबात भुलू नका. आपल्या मराठवाड्यातल्या वैशाखात कपाटात पडलेलं चामडं कोरडं पडून तडकतं, मग विकणारे बूटपॉलिश फासून मोकळे. ओलसर पांढरा रुमाल तळाच्या कोपऱ्यावर घासा. पॉलिश असेल तर लगेच रंगतो. मग भाव पाडून मागा. उसवलेल्या शिवणीचं मात्र काही नाही, संभाजीनगरात चांगला कारागीर जुन्याच भोकांतून दोरा ओवून देतो. नवी भोकं पाडू नको, एवढं त्याला बजावून सांगा.