एलबीएस मार्ग, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्ग, नेमका कुठून कुठे जातो, जुनी माणसं त्याला आग्रा रोड का म्हणतात, आणि सायनहून मुलुंडला जायला तो बरा की ईस्टर्न एक्सप्रेस हायवे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मुलुंड पूर्वेला जायचं असेल तर डोळे झाकून हायवे धरा. मुलुंड पश्चिमेलाही हायवेनेच जा, फक्त नाहूरच्या पुलावरून रूळ ओलांडा. काम कुर्ला ते भांडुपच्या मधे, रुळांच्या पश्चिमेला असेल तरच एलबीएस.

हा रस्ता सायन स्टेशनच्या पश्चिमेकडून निघतो. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड करत चेक नाका ओलांडतो आणि ठाण्यात तीन हात नाक्याला हायवेला भेटतो. लांबी साधारण 21 किलोमीटर. ठाण्याकडे तोंड केलं की मध्य रेल्वे कायम उजव्या हाताला, हा रस्ता ती एकदाही ओलांडत नाही. हायवे मात्र रुळांच्या पूर्वेने येतो आणि कोपरीच्या पुलावरून पश्चिमेला उतरतो, म्हणून दोघांची गाठ ठाण्यातच पडते.

आता आग्रा. साष्टी, म्हणजे कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचा भाग ज्या बेटावर आहे ते, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं. 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये सायन-कुर्ल्याची खाडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात तिथे बांध घालून रस्ता झाला आणि मुंबईहून ठाण्याला गाडी होडीशिवाय जाऊ लागली. पुढे हीच वाट भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्र्याला जायची. लालबहादूर शास्त्रींचं नाव 1966 साली ते गेल्यानंतरचं. भिवंडीत अजूनही ‘जुना आग्रा रोड’ असा पत्ता सांगतात. बोरीबंदर-ठाणे रेल्वे 1853 ची, म्हणजे इथे रस्ता थोरला आणि रेल्वे धाकटी.

स्वातंत्र्यानंतर रस्ता आणि रूळ दोन्ही हाताशी असल्याने कारखाने इथेच आले: कुर्ल्यात प्रीमियर, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला एशियन पेंट्स. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच रस्त्यावर, कुर्ल्यात तयार व्हायची. आता कारखान्यांपेक्षा मॉल आणि टॉवरच जास्त दिसतात.

‘रस्ता अरुंद आहे म्हणून ट्रॅफिक’ असं सगळे म्हणतात. ते कुर्ल्यात खरं आहे, कारण डेपोपासून कल्पना टॉकीजपर्यंत दुकानं पार कडेला आलेली. पण घाटकोपरच्या पुढे खरं कारण वेगळं. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या पट्ट्यात सरळ उत्तर-दक्षिण जाणारा मोठा रस्ता हा एकच. असल्फा, पार्कसाइट, भांडुपचा डोंगर, इथली सगळी वस्ती रस्त्याच्या वरच्या अंगाला आणि स्टेशनं खालच्या अंगाला. सकाळी स्टेशनकडे निघालेली प्रत्येक शेअर रिक्षा एलबीएस आडवा कापते. म्हणून सिग्नलचा वेळ सरळ जाणाऱ्यांपेक्षा आडव्यांनाच जास्त लागतो. रस्ता रुंद करून हे सुटायचं नाही. त्यात घाटकोपर ते मुलुंड मेट्रो 4 चे खांब मधोमध.

अडकलात तर पूर्वेला हायवेवर निसटायच्या जागा: घाटकोपरला अंधेरी-घाटकोपर लिंक रोडचा पूल, विक्रोळीला जून 2025 मध्ये सुरू झालेला पूल, कांजूरला गांधीनगर जंक्शनवरून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), आणि नाहूर. गांधीनगरला उड्डाणपुलावर चढू नका. खालून जाऊन सिग्नलला वळा.

सायनचा रेल्वेवरचा जुना पूल 1 ऑगस्ट 2024 ला पाडण्यासाठी बंद झाला. आंबेडकर रोडवरून येणाऱ्यांनी नवा खुला आहे का ते निघण्याआधी बघावं. नसेल तर धारावीतून संत रोहिदास मार्गाने यावं लागतं. पावसात कुर्ल्याचं जपून. मिठी नदी जवळून वाहते, आणि 4.5 मीटरच्या वरची भरती असताना जोराची सर आली तर पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही. तेव्हा भरतीची वेळ बघून निघा. रिक्षाने येणार असाल तर ती सायनच्या पुढे शहरात येत नाही, तिथे टॅक्सी किंवा बस बदला.

आणि पत्ता घेताना नुसतं ‘एलबीएस मार्ग’ ऐकून निघू नका. पिन कोड विचारा: 400070 कुर्ला, 400086 घाटकोपर, 400078 भांडुप, 400080 मुलुंड. भांडुपचं दुकान कुर्ल्यात शोधणारे रोज भेटतात.