अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना

तुम्ही विचारलंय की, पीएचडी वसाहतकाळातल्या महसुलावर आहे आणि आता परदेशी विद्यापीठात वेगवेगळ्या देशांच्या मुलांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवायचाय, तर तयारी काय करावी?

प्रबंधातली माहिती फारशी लागणार नाही. दस्तऐवज पारखण्याची जी सवय लागली आहे, ती मात्र रोज लागेल: कोणी लिहिलं, कोणासाठी, केव्हा, आणि काय गाळलं. मुलं शाळेतून एक पक्का इतिहास घेऊनच येतात. तो आधी समजून घेतला नाही, तर तुमचं व्याख्यान त्याच्यावरून नुसतं वाहून जातं.

म्हणून पहिल्या तासाला नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगा: दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं, कधी संपलं? कोणी १ सप्टेंबर १९३९ लिहील. चीनमध्ये शिकलेला विद्यार्थी १९३७ लिहील, कदाचित १९३१ सुद्धा. तिथल्या पाठ्यपुस्तकांत जपानविरोधी युद्ध १९३७ ऐवजी १९३१ पासून, म्हणजे आठऐवजी चौदा वर्षांचं धरायचं, असं २०१७ मध्ये ठरलं. रशियातल्या शाळेत भर २२ जून १९४१ वर, म्हणजे जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला त्या दिवसावर असतो. युरोपातल्या शेवटाची तारीखही ८ मे की ९ मे यावर अडते, कारण बर्लिनमध्ये शरणागतीवर सह्या झाल्या तेव्हा मॉस्कोत ९ तारीख उजाडली होती. कोणती तारीख बरोबर, हा निवाडा देऊ नका. त्या तारखेमुळे कोणाचं युद्ध दिसतं आणि कोणाचं झाकलं जातं, हे विचारा. या एका प्रश्नावर दोन तास सहज जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

सगळ्यात जास्त बिघडतं ते "तुमच्या देशात याबद्दल काय मानतात?" असं एखाद्याला थेट विचारल्यावर. तो विद्यार्थी तिथल्या अल्पसंख्य समाजातला असेल किंवा सरकारी मताविरुद्ध असेल, तर पुढे सत्रभर बोलत नाही. प्रश्न दस्तऐवजाला विचारा, माणसाला नाही.

गप्प वर्ग म्हणजे तयारी न केलेला वर्ग, असं समजू नका. आधी पाच मिनिटं लिहू द्या, मग जोडीत बोलू द्या, मग सगळ्यांसमोर. वाचन दुसऱ्या भाषेत होत असेल, तर आठवड्याला वीसेक पानं आणि दोन पानांचा एक मूळ दस्तऐवज पुरे.

पहिल्या निबंधाआधी दोन नमुना उत्तरं दाखवा: एक घटना सांगत जाणारं, दुसरं पुराव्यानिशी मुद्दा मांडणारं, आणि दोन्हींना किती गुण पडले तेही. पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिण्यालाच जिथे गुण मिळतात, तिथून आलेल्या मुलाला संदर्भ न देणं ही चोरी वाटतच नाही. त्यासाठी संदर्भ देण्याचा अर्ध्या तासाचा सराव वर्गातच घ्या, गुणांशिवाय.