वाचकांचे प्रश्न: बेसिकमध्ये स्ट्रिंगचा तुकडा कापताना

(बेसिक ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा, आणि स्ट्रिंग म्हणजे तिच्यातला मजकूर. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

प्रश्न: जीडब्ल्यू-बेसिकमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये) पूर्ण नावातून आडनाव वेगळं काढतो. पहिली जागा (स्पेस) सापडली की तिच्याआधीचा भाग आडनाव, असा साधा हिशोब आहे. बरीच नावं नीट होतात आणि मध्येच ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ येऊन प्रोग्रॅम थांबतो. का?

तुमची ओळ अशी आहे:

४० आ$ = लेफ्ट$(ना$, इन्स्टर(ना$, " ") - १)

यादीत कुठेतरी एकाच शब्दाचं नाव आहे. जागा कितव्या अक्षरावर आहे ते इन्स्टर सांगतो. तिथे त्याला ती सापडत नाही, तो ० देतो. त्यातून १ वजा झाला की उरतो -१, आणि डावीकडून तितकी अक्षरं देणाऱ्या लेफ्ट$ला ऋण आकडा चालत नाही. प्रोग्रॅम थांबला हे बरंच झालं म्हणायचं. कारण नावाच्या सुरुवातीलाच चुकून जागा पडली असेल तर इन्स्टर १ देतो, लेफ्ट$ला ० मिळतो, आणि आडनाव रिकामं राहून काम बिनबोभाट पुढे जातं. ती चूक महिनाभराने सापडते.

उपाय सोपा आहे. शोधताना शेवटी आपणच एक जागा जोडायची:

२० व्हाइल लेफ्ट$(ना$, १) = " " : ना$ = मिड$(ना$, २) : वेंड
३० जा = इन्स्टर(ना$ + " ", " ")
४० आ$ = लेफ्ट$(ना$, जा - १)
५० बा$ = मिड$(ना$, जा + १)

आता जा कधीच ० होत नाही. एकशब्दी नाव पूर्ण आ$मध्ये जातं आणि बा$ रिकामी राहते, कारण स्ट्रिंगच्या लांबीपलीकडून सुरुवात केली तर मिड$ एरर न देता रिकामी स्ट्रिंग देतो. ओळ २० सुरुवातीच्या जागा खाऊन टाकते. नंतर आलेल्या क्यूबेसिकमध्ये त्यासाठी एलट्रिम$ तयार मिळतो, जीडब्ल्यूमध्ये नाही. दोन शब्दांमध्ये दोन जागा पडल्या असतील तर बा$च्या सुरुवातीला एक उरते. तिलाही हाच व्हाइल लावा.

आणखी एक. नावं कीबोर्डवरून घेत असाल तर साधा इनपुट नको, लाइन इनपुट वापरा. मजकुरात स्वल्पविराम आला की इनपुटला ती दोन उत्तरं वाटतात आणि तो ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ म्हणतो.

प्रश्न: डेट$मधून तारीख घेऊन पावतीवर छापतो. कधी बरोबर येते, कधी महिना १९ वगैरे दिसतो.

डेट$ आधी महिना देतो, मग दिवस, मग चार अंकी वर्ष. १९ ऑगस्ट २०२४ला तो "०८-१९-२०२४" असतो. लेफ्ट$(डेट$, २) हा दिवस समजून घेतलात तर महिन्याच्या १२ तारखेपर्यंत काहीच खटकत नाही, कारण दोन्ही आकडे दोन्हीकडे शोभतात. तेरा तारखेला बिंग फुटतं. तोवर आधीच्या पावत्या चुकीच्या छापल्या गेलेल्या असतात, तेवढ्या तपासून घ्या. आपल्या पद्धतीची तारीख अशी जुळवा:

ता$ = मिड$(डेट$, ४, २) + "-" + लेफ्ट$(डेट$, २) + "-" + राइट$(डेट$, ४)

मिड$मधला ४ म्हणजे चौथ्या अक्षरापासून. मोजणी १ पासून होते, ० पासून नाही. तिथे ० दिलात तर पुन्हा तोच ‘इल्लीगल फंक्शन कॉल’.

दिवसात काही मिळवायचं म्हणून व्हॅलने आकडा करून परत एसटीआर$ने स्ट्रिंग केलीत, तर धन आकड्याच्या आधी चिन्हासाठी एक जागा येते: ५ चा " ५" होतो. दोन अंक हवेत तर राइट$("०" + मिड$(एसटीआर$(दि), २), २) लिहा. ५ चा "०५" होतो, १२ चा "१२"च राहतो.

प्रश्न: १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम क्यूबेसिकमध्ये आणतोय. अ$(४ टू ६) याचं काय करायचं?

मिड$(अ$, ४, ३). स्पेक्ट्रम सुरुवात आणि शेवट विचारतो, मिड$ सुरुवात आणि लांबी. लांबी म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक १. इथे ६ तसाच ठेवणं ही नेहमीची चूक. अ$(टू ३) म्हणजे लेफ्ट$(अ$, ३), आणि अ$(४ टू) म्हणजे मिड$(अ$, ४). तुकडा लांबीबाहेर गेला तर स्पेक्ट्रम ‘सबस्क्रिप्ट राँग’ म्हणून थांबतो, क्यूबेसिक मात्र असेल तेवढंच देऊन पुढे जातो. मूळ प्रोग्रॅम त्या थांबण्यावर विसंबून असेल तर लेनने लांबी तपासणारी ओळ आपण घालायची.

प्रश्न: एक्सेलच्या मॅक्रोमध्ये मराठी गावांची नावं कापतो. ‘पुणे’ची लांबी ४ येते, लेफ्टने एक अक्षर मागितलं तर नुसता ‘प’ मिळतो.

संगणकाच्या लेखी ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि एक मात्रा, असे चार कोड. राइटने एक मागितलात तर एकटी मात्रा हाती येते, ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली. ‘कोल्हापूर’चे नऊ कोड आहेत. लेफ्टने तीन घेतलेत तर ‘कोल’, चार घेतलेत तर लटकता ‘कोल्’.

म्हणून कापण्याआधी न, म्हणजे किती कोड घ्यायचे तो आकडा, पुढे सरकवायचा. न + १ व्या कोडचा एएससीडब्ल्यू (म्हणजे त्याचा क्रमांक) २३०४ ते २३०७, २३६४ किंवा २३६६ ते २३८१ यांत असेल, तर न एकाने वाढवा. न वा कोड स्वतः २३८१, म्हणजे हलन्त, असेल तरीही वाढवा. दोन्ही अटी खोट्या ठरेपर्यंत किंवा न लांबीइतका होईपर्यंत हे चालू ठेवा. ‘कोल्हापूर’मध्ये न = ३ने सुरुवात करून बघा: पुढे हलन्त म्हणून ४, आपणच हलन्त म्हणून ५, पुढे काना म्हणून ६, मग प येतो आणि थांबतो. मिळतं ‘कोल्हा’.

दर्‍या, सुर्‍या अशा शब्दांतला अर्धा र काही कीबोर्डांवर न दिसणारं ८२०५ हे जोडचिन्ह घालून उमटतो. न वा कोड ८२०५ असला तरी पुढे सरका, नाहीतर र्‍य दुभंगेल.

मॅक्रोच्या खिडकीत देवनागरी टाइप केली तर बहुधा प्रश्नचिन्हं उमटतात. मजकूर सेलमधूनच घ्या, आणि कोडमध्ये अक्षर लागलंच तर सीएचआरडब्ल्यू(२३८१) असं आकड्याने लिहा.