‘महत्त्वाकांक्षी’ योजना आणि ‘महत्त्वाकांक्षी’ बाई

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आलाय. त्यांच्या कंपनीत ८ मार्चसाठी पोस्टर करायचंय. इंग्रजी मजकूर ठरलेला होता, ‘एम्ब्रेस युअर ॲम्बिशन’. बाहेरून मराठी करून आलं ते असं: ‘आपल्या महत्वकांक्षेला आलिंगन द्या’. यांना हसू आलं. घरी आईला दाखवलं, तर आई हसली नाही. ती म्हणाली, “ते महत्त्वाकांक्षा-बिकांक्षा नको घालू. बाईबद्दल तो शब्द बरा नाही वाटत.” तेव्हा बाईंचे प्रश्न तीन: आईचं बरोबर आहे का? त्या शब्दाचं ‘महत्त्वाकांक्षिणी’ असं स्त्रीलिंगी रूप होतं का? आणि पोस्टरवर मग लिहायचं काय?

आधी लेखनाचं उरकून घेऊ. ‘महत्वकांक्षा’ हे दोनदा चुकलेलं आहे. ‘महत्’ला ‘त्व’ लागून महत्त्व, म्हणजे त दोन. तत्त्व, सत्त्व यांच्यासारखेच. त्यापुढे ‘आकांक्षा’, म्हणून मधला ‘त्वा’ दीर्घ. महत्त्वाकांक्षा. आकांक्षेतला आ गिळून टाकायची सवय इतकी पसरली आहे की निमंत्रणपत्रिकांपासून सरकारी फलकांपर्यंत कुठेही ‘महत्वकांक्षी’ दिसतो.

स्त्रीलिंगी रूपाचंही उत्तर सोपं आहे. संस्कृतात ‘महत्त्वाकाङ्क्षिन्’वरून महत्त्वाकाङ्क्षिणी होतं, अगदी व्याकरणशुद्ध. मराठीत मात्र ई-कारान्त विशेषणं लिंगाप्रमाणे हलत नाहीत. आनंदी मुलगा, आनंदी मुलगी. लोभी राजा, लोभी राणी. ‘विद्यार्थिनी’ होते ती नाम म्हणून. तेव्हा महत्त्वाकांक्षी मुलगी, एवढंच. ‘महत्त्वाकांक्षिणी’ लिहिलंत तर पौराणिक नाटकातली खलनायिका विंगेतून येतेय असं वाटेल.

म्हणजे व्याकरणाने हा शब्द स्त्री-पुरुषांना सारखा वागवतो. वापर तसं वागवत नाही, आणि आईंचं म्हणणं तिथे आहे.

कुठल्याही वर्तमानपत्रात बघा, ‘महत्त्वाकांक्षी’ सगळ्यात जास्त कुणाला लागतो? प्रकल्पाला आणि योजनेला. ‘सरकारची महत्त्वाकांक्षी योजना’ म्हटलं की कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ती रखडली तरी महत्त्वाकांक्षीच राहते. त्याखालोखाल राजकीय पुढारी आणि उद्योजक. तिथे शब्द जरा तिरका होतो, पण त्यात कौतुकही असतं. बाईला लावला की मात्र त्याच्या पुढेमागे काहीतरी चिकटतंच. ‘अति’, ‘जरा’, ‘फारच’. आणि वाक्याच्या शेवटी एक ‘हो’ येतो. “मुलगी हुशार आहे, पण जरा महत्त्वाकांक्षी आहे हो.” हा ‘हो’ शब्दकोशात सापडायचा नाही. आवाज खाली आणून, हातातला चहाचा कप बशीत ठेवता ठेवता म्हणायचा असतो.

माझ्या मावशीबद्दल मी तो लहानपणी ऐकलाय. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि खात्याची परीक्षा देऊन विस्तार अधिकारी व्हायचं तिने मनात घेतलं होतं. एका लग्नात, पंगतीच्या शेवटच्या फेरीला, ताक वाढता वाढता कुणीतरी माझ्या आजीला म्हणालं, “तुमची धाकटी महत्त्वाकांक्षी निघाली हो.” आजीने खूप वेळ वाटीतल्या ताकाकडे पाहिलं. मला वाटलं मावशीला काहीतरी झालंय. ‘मधुमेही निघाली’ म्हणतात त्याच सुरात म्हटलं होतं ते.

पुढे मावशी परीक्षा पास झाली, तालुक्यात जीप घेऊन फिरायला लागली, तेव्हा त्याच माणसांनी शब्द बदलला. आता ती ‘कर्तबगार’ झाली. मला यात मराठीची एक खोड दिसते. करून दाखवलेल्या बाईसाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे: कर्तबगार, कर्तृत्ववान, धडाडीची, खमकी, हिकमती. हे सगळे काम झाल्यानंतरचे शब्द. काम व्हायच्या आधी, नुसतं ‘मला हे पाहिजे’ असं तिच्या मनात असतं त्या काळासाठी शब्द शोधायला जा, तर हाताला लागतात शेफारली, हवेत आहे, पाय जमिनीवर नाहीत, डोक्यात वारं शिरलंय, पुढे पुढे करते. ‘पुढे जाणे’ आणि ‘पुढे पुढे करणे’ यांच्यात फरक केवढ्याचा? एका द्विरुक्तीचा.

साधी बोली वापरावी तर तीही दगा देते. ‘मुलगा मोठा झाला’ म्हणजे त्याने नाव कमावलं, नाहीतर वयाने वाढला. ‘मुलगी मोठी झाली’ याचा अर्थ जुन्या घरांत ठरलेला होता: ती न्हातीधुती झाली, आता तिचं बघायला हवं. ‘मला मोठं व्हायचंय’ असं एखादी दहा वर्षांची पोर बोलली असती तर आजीने तोंडाला पदर लावला असता.

आता एक उलटी गंमत. इच्छेचे मराठी शब्द आठवून पाहा. इच्छा, आशा, आस, ओढ, हौस, उमेद, जिद्द, ईर्षा, हाव. सगळे स्त्रीलिंगी. ध्यास आणि हव्यास हे पुल्लिंगी आहेत, पण संख्येने थोडे. आणि यांतले सोज्वळ शब्द आपण उचलून मुलींची नावं ठेवतो. आकांक्षा, अपेक्षा, अभिलाषा, मनीषा, स्पृहा, ईप्सिता. एका वर्गाच्या हजेरीत तीन-चार सहज निघतील. मुलाचं नाव असं इच्छेवरून क्वचितच ठेवतात. म्हणजे पोरीचं नाव आकांक्षा चालतं, आवडतं. तिच्यामागे ‘महत्त्व’ लागलं की ती बिघडते. महत्त्वाकांक्षा नावाची मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

या ‘महत्त्व’नेच घोळ केलाय असं मला वाटतं. मराठीत महत्त्व हे दुसऱ्यांनी द्यायचं असतं. ‘त्याला फार महत्त्व देऊ नकोस’, ‘तिचं महत्त्व वाढलं’. तेव्हा महत्त्वाकांक्षेचा शब्दशः अर्थ लावला तर ‘लोकांनी मला मोठं मानावं ही इच्छा’ असा निघतो. एखादीला चांगली शल्यविशारद व्हायचं असेल, तर तिला शस्त्रक्रिया करायची असते. लोकांच्या मानण्याचा प्रश्न नंतरचा. शब्द मात्र तिला आधीच आरशासमोर उभं करतो. इंग्रजी ‘ॲम्बिशन’ची कुळकथाही फार वेगळी नाही. लॅटिनमध्ये त्याचं मूळ ‘भोवती फिरणे’ असं आहे, आणि रोममध्ये निवडणुकीला उभे राहिलेले लोक मतांसाठी दारोदार फिरत त्यावरून तो आला. त्याच मुळातल्या ‘अँबिटस’ या शब्दाचा रोमन कायद्यातला अर्थ तर मतांसाठी लाचलुचपत, म्हणजे चक्क गुन्हा. इंग्रजीने तो डाग धुऊन पोस्टरवर चढवला; आपला अजून धुवायचा आहे.

नुसत्या ‘आकांक्षा’ची गोष्ट वेगळी. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाक्याचा अर्थ लागायला ज्या गोष्टी लागतात त्यांत आकांक्षा पहिली, मग योग्यता (शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळणं) आणि संनिधी (शब्द लागोपाठ येणं). ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असे शब्द ओळीने ठेवले तर वाक्य होत नाही, कारण एकाला दुसऱ्याची आकांक्षा नाही. ‘आणा’ म्हटलं की ‘काय?’ ही ओढ तयार होते, ‘गाय’ आली की ती पुरी होते. शब्दालाही पुढचं काहीतरी हवं असतं आणि त्याला आपल्या शास्त्रकारांनी दोष मानलेलं नाही. (शब्दचर्चेत न्यायशास्त्र आणू नये असं मी स्वतःला दर वेळी बजावतो.)

इतिहासातलं एक उदाहरण या प्रश्नाला इतकं चपखल बसतं की ते सोडवत नाही. राघोबादादांना पेशवाई हवी होती. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि आख्यायिका अशी की पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं. आख्यायिका खरी की खोटी हा इतिहासकारांचा विषय, माझा नाही. मला दिसतं ते भाषेने दोघांना काय दिलं ते. अटकेपर्यंतच्या मोहिमेवरून दादांना ‘राघोभरारी’ हे नाव मिळालं. बाईंच्या वाट्याला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला. एकाच घरातली सत्तेची भूक: नवऱ्याची झाली भरारी, बायकोचं झालं कारस्थान. हा वाक्प्रचार आपण आजही ऑफिसात बिनदिक्कत वापरतो.

दुसऱ्या आनंदीबाई, जोशी. १८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधलं, सेरामपूर) त्यांनी भाषण करून आपण अमेरिकेला वैद्यक शिकायला का जातो ते सांगितलं. वय सतरा. कारण सांगितलं ते देशातल्या बायकांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे हे, आणि ते खरंच होतं. पण ‘मला शिकायचंय, मला ते येतं’ एवढं कारण त्या काळी सभेत उभं राहून सांगता आलं नसतं. इच्छेला सेवेचं पांघरूण लागत होतं. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्या एमडी झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती, आणि काम सुरू करण्याआधीच १८८७च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. त्या भाषणानंतर पन्नास वर्षांनी, १९३३ साली, कमला भागवत (नंतरच्या सोहोनी) यांना बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. संचालक होते सी. व्ही. रामन. त्या हटून बसल्या, शेवटी वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर आत गेल्या, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएचडी घेतली. ही हकिकत मराठीत सांगणारे बहुतेकजण ‘जिद्द’ म्हणतात. ‘महत्त्वाकांक्षा’ कुणाच्या तोंडी येत नाही.

जिद्दीबद्दल थोडं. मूळ अरबी, अर्थ विरोध. हिंदीत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट, मुलांनी फुग्यासाठी धरायचा. मराठीने तिचं गुणात रूपांतर केलं. तसंच ‘ईर्षा’चं. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर. मराठीत ‘ईर्षेने खेळला’ ही शाबासकी. म्हणजे शब्दांचे डाग धुवायचं काम मराठीला येतं, तिने ते केलेलं आहे. फक्त जिद्द ही अडथळ्याला तोंड देणारी असते. बाईने जिद्द दाखवायची तर आधी कुणीतरी तिला अडवलेलं पाहिजे. कुणी अडवलेलं नाही आणि तरी तिला विभागप्रमुख व्हायचंय, त्याला जिद्द कशी म्हणणार?

तिथे माझी पसंती ‘उमेद’ला. फारसीत उमेद म्हणजे आशा. मराठीत त्यात धमक मिसळली. त्यावरून उमेदवार, जो आशा धरून उभा आहे तो. रोममधल्या त्या दारोदार फिरणाऱ्यांचाच भाऊबंद, पण आपल्याकडे तो शब्द निष्पाप राहिला. ‘उमेदवारी करणे’ म्हणजे वकिलाकडे किंवा कारखान्यात पडेल ते काम करून शिकणे. ‘उमेदीची वर्षं’ म्हणजे करिअरची ऐन वर्षं. एकाच शब्दात इच्छा, तयारी आणि वय, तिन्ही. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला २०११ पासून ‘उमेद’ हेच नाव आहे आणि त्यातल्या बचत गटांच्या बायका ‘आम्ही उमेदच्या’ म्हणून ओळख सांगतात. गावात त्याने कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

राहिलं ‘आलिंगन’. मराठीत माणसाला मिठी मारतात, कल्पनेला नाही. ‘अंगीकार’ हा जवळचा शब्द आहे, पण पोस्टरवर तो ताठ बसतो. कहाण्यांमधला ‘वसा’ मला मोह घालतो: उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. पण कहाणीतल्या वशाचं फळ बहुतेक वेळा नवऱ्याला नाहीतर लेकराला मिळतं, म्हणून तो मी बाजूला ठेवला.

आणखी एक बघा. मराठीत हवं असणारा माणूस वाक्याचा कर्ता म्हणून ताठ उभा राहत नाही. तो ‘ला’ लावून बसतो. मला हवंय, मला व्हायचंय. इच्छा जणू बाहेरून येऊन अंगावर बसते. ‘मी इच्छिते’ असं बाई म्हणते ते एकाच ठिकाणी: अर्जात. “मी सदर पदासाठी अर्ज करू इच्छिते.” हा लेख लिहिताना मावशीला फोन केला आणि विचारलं, तेव्हा तू त्याला काय म्हणायचीस गं? ती म्हणाली, “म्हणायचंय काय त्यात? फॉर्म भरला, स्टॅम्पं लावली आणि टाकला पेटीत.”

तेव्हा पोस्टरसाठी माझ्या दोन सूचना. पहिली: ‘मला पुढे जायचंय. म्हणा मोठ्याने.’ दुसरी, जरा शांत: ‘उमेद धरा, अर्ज भरा.’ कंपनीत पदोन्नतीचे अर्ज खरोखरच मागवत असतील तरच ही दुसरी घ्या, नाहीतर थट्टा होईल. आणि आईंचं न ऐकता ‘महत्त्वाकांक्षा’च ठेवायचं ठरलं, तर त्यालाही माझी हरकत नाही, शब्द वापरून वापरूनच धुतले जातात. फक्त छपाईआधी प्रूफ डोळ्यांखालून घाला. फाइल एका फाँटातून दुसऱ्यात गेली की ‘त्त्वा’ हे जोडाक्षर फुटतं, आणि दोन त पैकी एक हमखास गळतो.