वाचकांचे प्रश्न: साठीनंतरचं डिस्क गोल्फ आणि अंतर मोजायची यंत्रं

प्रश्न: नमस्कार ताई, माझं वय 67. रिटायर झाल्यापासून डिस्क गोल्फ (हाताने चकती, म्हणजे डिस्क, फेकून ती चेन लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळतोय आणि अगदी मनापासून खेळतोय. पण हल्ली बास्केट किती लांब आहे याचा अंदाजच येईनासा झालाय, जवळ वाटते म्हणून हलकं फेकावं तर डिस्क अर्ध्यात पडते, लांब वाटते म्हणून जोर लावावा तर मागच्या झाडीत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ग्रुपमधला एकजण म्हणतो लेझर रेंजफाइंडर घेऊनच टाका, मुलगा म्हणतो फोनवर अ‍ॅप आहे की, आणि तिसरा म्हणतो या वयात कशाला हे लाड, डोळ्यांनी बघा आणि फेका. कोणाचं ऐकू?

उत्तर: काका, आधी डोळ्यांचंच बोलते कारण तुमच्या प्रश्नाची मेख तिथेच आहे. दोन डोळे मिळून जे खोलीचं ज्ञान देतात ते जवळच्या वस्तूंसाठी पक्कं असतं, साठ-सत्तर मीटरवर मेंदू मुख्यतः इतर खुणांवर चालतो, म्हणजे झाड केवढं दिसतंय, मधली जमीन किती दिसतेय, बास्केट केवढी दिसतेय वगैरे. मध्ये दरी किंवा पाणी आलं की जमिनीची खूण गायब होते आणि तरण्या पोरांचाही अंदाज चुकतो. त्यात तुमचा एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर, म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मेळच बसत नाही. तेव्हा "डोळ्यांनी बघा आणि फेका" हा सल्ला तुम्हाला आत्ता लागू नाही, यात लाडाचा काही संबंध नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की बराच फरक पडू शकतो, डॉक्टरांना सांगताना फक्त वाचनाचं नको, मैदानावर लांबचं बघायला त्रास होतो हेही आवर्जून सांगा.

आता यंत्र. माझं मत स्पष्ट आहे, रेंजफाइंडर उपयोगाचा आहे, पण ज्याला स्वतःचा थ्रो किती जातो हे माहीत आहे त्यालाच. बास्केट 74 मीटरवर आहे हे कळलं, बरं मग? तुमचा मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क) 55 जातो की 65 हे माहीत नसेल तर त्या 74 चं करायचं काय? आणि इथेच साठीनंतरचे बहुतेक खेळाडू अडकतात, कारण डोक्यात दहा वर्षांपूर्वीचा आकडा बसलेला असतो. हाताचा वेग कमी झाला की डिस्क नुसती कमी जात नाही, तिचं वागणंच बदलतं, जी डिस्क पूर्वी सरळ जाऊन शेवटी थोडी वळायची ती आता लवकर वळते आणि लवकर खाली बसते. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला असं वाटतं तेव्हा कधी कधी अंदाज बरोबर असतो, डिस्क आता त्या हाताची राहिलेली नसते.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक सकाळ मोकळ्या मैदानावर घालवा. ड्रायव्हर (लांबच्या थ्रोची डिस्क), मिडरेंज आणि पटर (जवळच्या थ्रोची), प्रत्येकी आठ-दहा थ्रो, रोज खेळता तेवढ्याच जोरात, कोणाला दाखवायचं म्हणून जोर नाही. मग सगळ्यात लांबचा थ्रो सोडून द्या, तो तुमचा आकडा नाही, तो त्या दिवसाचा वारा होता. मधले जे घोळक्याने पडलेत तिथपर्यंत पावलं मोजा, आपलं एक पाऊल किती हे आधी टेपने मोजून ठेवा, चालताना साधारण पाऊण मीटर भरतं. तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून बॅगेत ठेवा. ही चिठ्ठी रेंजफाइंडरपेक्षा महत्त्वाची आहे हे मी अगदी ठामपणे सांगते.

एवढं झालं की मग यंत्र कामाला येतं, आणि तेही बास्केटवर रोखण्यापेक्षा जास्त उपयोग दुसऱ्या गोष्टींवर रोखून होतो. समजा होल, म्हणजे पहिल्या थ्रोच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा पल्ला, 110 मीटरचं आहे आणि तुमचा ड्रायव्हर 70 जातो, तर बास्केटचं अंतर कळून काहीच फायदा नाही, पहिल्या थ्रोत ती येणारच नाही. पण पाण्याची अलीकडची कड 62 वर आहे हे कळलं तर मिडरेंज काढून 55 वर ठेवायचा आणि तिथून निवांत दुसरा थ्रो, हे लगेच ठरतं. नाहीतर होतं काय की जाईल जाईल म्हणत खांद्यातून ओढून फेकायचं, डिस्क पाण्यात आणि खांदा दोन दिवस धरलेला. या वयात खांदा आणि कोपर जपणं हे स्कोअरपेक्षा मोठं काम आहे, आणि "आपल्याच्याने नाही जाणार" हे जो आकडा आधी सांगतो तो खांदा वाचवतो, मला तर रेंजफाइंडरचा खरा फायदा हाच वाटतो.

मुलाच्या अ‍ॅपबद्दल. अ‍ॅप वाईट नाहीये, नकाशा दिसतो, होल कुठे वळतंय ते कळतं, स्कोअर राहतो, आणि लेझरला जे दिसत नाही ते म्हणजे वळणापलीकडची बास्केट ती अ‍ॅपवर दिसते. पण फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण 5 मीटर इकडेतिकडे असतो आणि दाट झाडीखाली त्याहून बिघडतो. लांबच्या थ्रोला 5 मीटरने फार बिघडत नाही, 20 मीटरच्या आत मात्र त्या आकड्याचा काही उपयोग नाही. शिवाय बास्केटची जागा अधूनमधून बदलतात आणि नकाशात जुनीच राहते, ते टीवर (पहिला थ्रो जिथून करतात तिथे) पोचल्यावर डोळ्यांनी ताडून बघायचं. सुरुवात अ‍ॅपनेच करा, दोनेक महिने वापरा, आकड्याने तुमचे निर्णय बदलतायत असं दिसलं तर लेझर घ्या. नुसता आकडा बघून परत तोच ड्रायव्हर काढत असाल तर पैसे वाचवा आणि 150 ग्रॅमच्या आसपासच्या एक-दोन हलक्या, कमी वेगाच्या हाताला साथ देणाऱ्या डिस्क घ्या, त्याने जास्त फरक पडेल.

प्रश्न: ताई, मी 59 वर्षांची आहे, लेझर घेतला पण पश्चात्ताप होतोय. एकाच बास्केटला कधी 64 दाखवतो कधी 91. हात थोडा थरथरतो माझा. यंत्रच खराब आहे का?

उत्तर: यंत्र बहुतेक ठणठणीत आहे हो. लेझर किरण सोडतो, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आता बास्केट म्हणजे काय तर एक खांब, लोंबत्या चेन आणि खाली जाळी, मधून सगळं आरपार. किरण चेनमधून निसटला की मागच्या झाडावर आपटतो, तुमचं 91 म्हणजे ते मागचं झाड. त्यामुळे चेनवर नेम धरूच नका, वरच्या पट्टीवर धरा, ती भरीव असते. आणि बास्केट जेमतेम दोन फूट रुंद, 90 मीटरवर हात अर्धा अंश जरी हलला तरी नेम पाऊण मीटर सरकतो, म्हणजे थरथर नसलेल्यालाही हे सोपं नाही.

दोन्ही कोपरं छातीला टेकवा, जमलं तर झाडाला किंवा टीच्या पाटीच्या खांबाला टेकून उभ्या राहा, श्वास सोडून मग बटण. तीनदा बघा, दोनदा जो आकडा आला तो खरा. सेटिंगमध्ये जवळची वस्तू पकडायची की लांबची असा पर्याय असेल तर जवळची ठेवा, मात्र समोर फांद्या लोंबत असतील तेव्हा उलटं करा. डोळ्यापाशी फिरणारी रिंग असते ती आपल्या नंबरप्रमाणे एकदा नीट लावून घ्या, बरेच जण तिला हातच लावत नाहीत आणि मग धूसर दिसतं म्हणून वैतागतात.

अजून एक, तुमचा लेझर बॉल गोल्फचा असेल तर तो बहुधा यार्डात लावलेला असतो, मीटरवर करून घ्या. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर, एवढ्या फरकाने डिस्क बदलते. आणि चढउताराचा हिशोब लावून जो "सुधारित" आकडा येतो तो चेंडूच्या उड्डाणावर बेतलेला असतो, डिस्क हवेत तरंगते, तिला तो लागू पडत नाही, तेव्हा सरळ अंतर बघा. चढउतारासाठी खेळाडू ढोबळमानाने धरतात ते असं की 1 मीटर चढाला अंतर 3 मीटरने वाढलं समजायचं, उताराला तेवढंच कमी.

प्रश्न: आमच्यातले काहीजण म्हणतात मशीन लावून खेळणं म्हणजे चीटिंग. आणि त्यात वेळही जातो. स्पर्धेत चालतं का?

उत्तर: चीटिंग अजिबात नाही. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेचे नियम थ्रो करायला थेट मदत करणाऱ्या साधनांना मनाई करतात, अंतर बघणं म्हणजे थ्रोला मदत नव्हे, मोठ्या स्पर्धांमध्ये प्रोफेशनल खेळाडूही लेझर लावून बघताना दिसतात. स्थानिक स्पर्धा असेल तर आयोजकांना आधी विचारून ठेवा म्हणजे टीवर वाद नको.

वेळेची तक्रार मात्र रास्त आहे. नियमाने तुमची पाळी आली, तुम्ही जागेवर पोचलात आणि समोरचा भाग मोकळा झाला की 30 सेकंदात थ्रो व्हायला हवा, पहिल्यांदा उशीर झाला तर ताकीद आणि पुढे दर वेळी एक थ्रोचा दंड. म्हणून दुसरे फेकत असताना बाजूला उभं राहून मोजून ठेवा, आपली पाळी आल्यावर खिशात चाचपडत बसायचं नाही. प्रत्येक थ्रोला मोजायचीही गरज नाही, रोजच्या कोर्सवर तर दोन-तीन होलच असे असतात जिथे खरंच शंका येते.

आणि बास्केटजवळ तर लेझर बाहेर काढूच नका. 10 मीटरच्या आत असाल तर पुट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) सोडल्यावर तोल सांभाळून उभं राहिलेलं दिसलं पाहिजे, मगच पुढे पाऊल टाकायचं, म्हणजे 9.8 की 10.3 याला महत्त्व आहे, आणि लेझरची चूकच साधारण मीटरभर असते. त्यासाठी बॅगेत 10 मीटरची दोरी ठेवा, मार्करच्या (डिस्क पडली ती जागा दाखवणाऱ्या चकतीच्या) मागच्या कडेपासून बास्केटच्या बुंध्यापर्यंत धरली की भांडण मिटलं.

प्रश्न: आई पुढच्या महिन्यात 70 ची होतेय, तिला रेंजफाइंडर गिफ्ट द्यायचा विचार आहे. सरप्राइज द्यावं का?

उत्तर: गिफ्ट छानच आहे पण सरप्राइज नको, आईंना सोबत घेऊन जा. चष्मा लावून आतलं पूर्ण चित्र दिसतंय का ते त्यांनाच बघू दे, काही यंत्रांत चष्मा असला की कडा कापल्या जातात. आतले आकडे काळे असतील तर झाडांच्या सावलीत वाचता येत नाहीत, लाल उजळ आकडे वयस्कर डोळ्यांना सोपे पडतात. आई पोलराइज्ड गॉगल लावत असतील तर तो लावूनही बघायला सांगा, काही डिस्प्ले त्यातून काळेच दिसतात. बटण मोठं आणि एकच असलेलं बरं, बोटं आखडत असतील तर बारीक बटणं नकोत. आणि पट्टा किंवा चुंबक असलेलं घ्या जे बॅगेला किंवा ट्रॉलीला बाहेरून चिकटतं, दर वेळी वाकून बॅगेत हात घालावा लागला तर चौथ्या होलनंतर ते बाहेर निघणारच नाही.