माकडताप, चिचुंद्री आणि वाघळं: वाचकांचे प्रश्न

काजूच्या बागेत वानर मरून पडलंय. ओढून लांब टाकू का?
(बागायतदार, खानापूर तालुका)

हात लावू नका. वनखात्याला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवा. वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. खरी भीती त्यांचीच, त्यांच्या चावण्यातून माकडतापाचा विषाणू माणसाला लागतो. माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात दिसला. खानापूरचं रान या दोन्हींना लागूनच आहे. गोचिडीची पिल्लं तिळाएवढी असतात, चावली तरी पत्ता लागत नाही. त्यांचा जोर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, आणि काजूबिया वेचायच्या नेमक्या त्याच दिवसांत! पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारं) मिळालं तर लावा. पाचोळ्यावर बसून डबा खाऊ नका. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका.

माकडं तर मरतात, मग हा विषाणू रानात टिकतो कसा?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

रानउंदीर आणि चिचुंद्र्यांच्या जिवावर. त्यांच्या रक्तात विषाणू वाढतो, पण ते वानरांसारखे पटापट मरत नाहीत. गोचिडीचं पिल्लू अशा उंदराचं रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं. विषाणू मात्र अंगात तसाच राहतो. पुढच्या खेपेला तेच माकडाला किंवा माणसाला चावतं. रानात चरणारी गुरं आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना रक्त पुरवतात, म्हणून गोचिडींची पैदास वाढते. हे आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. माणसापाशी मात्र साखळी तुटते, रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही.

घरात चिचुंद्री फिरते. हंता विषाणूची भीती आहे का?
(गृहिणी, निपाणी)

हंता म्हणजे उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या प्राण्यांत आढळणाऱ्या विषाणूंचा गट. १९६४ मध्ये वेल्लोरला चिचुंद्रीतच थोट्टापलायम नावाचा हंता विषाणू सापडला होता. त्याने माणसाला आजार होतो, हे सिद्ध झालेलं नाही. तरी लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून पुसून घ्या. मला उंदरांच्या मुताने पसरणाऱ्या लेप्टोची काळजी जास्त वाटते. तो विषाणू नव्हे, जिवाणू. पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका.

भीमगडच्या गुहेतली वाघळं धूर करून हाकलावीत का?
(वाचक, जांबोटी)

मुळीच नको. बारापेडे गुहेतलं राउटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळतं, आणि ते किडे खातं. भीती निपाह विषाणूची असेल, तर त्याचा मुख्य आसरा म्हणजे फळं खाणारी मोठी वाघळं. झाडाखाली पडलेली कुरतडलेली फळं टाकून द्या. गुहेत शिरू नका, म्हणजे झालं.